आतला दिवा, बाहेरचा डोळा



रमजानच्या महिन्यात सहरीच्या वेळी तुम्ही कधी घराच्या गच्चीवर गेला आहात काय? सगळा मोहल्ला अंधारात असतो. भिंती दिसत नाहीत, मजले दिसत नाहीत. दिसतात फक्त उजळलेल्या खिडक्या. कोणते घर जागे आहे आणि कोणते अजून झोपलेले आहे, हे एका नजरेत कळते. एखाद्या घरी रोज दिवा लागतो आणि आज तो लागला नाही, तर मनात लगेच येते, 'त्यांच्याकडे सगळे ठीक आहे ना?'

तीच गच्ची आणि तोच मोहल्ला दुपारी पाहा. आता प्रत्येक घर स्पष्ट दिसते. भिंतीला गेलेला तडाही दिसतो. पण आत कोण जागे आहे आणि कोण झोपले आहे, हे मात्र दुपारच्या उन्हात कळत नाही.

आपल्या शरीराची चित्रेही अशीच दोन प्रकारांनी घेता येतात. एक्स-रे काढतात तेव्हा किरण बाहेरच्या यंत्रातून येतात आणि शरीरातून आरपार जातात. हाड कोठे मोडले आहे ते त्यात दिसते. हे झाले दुपारचे चित्र. दुसऱ्या प्रकारात यंत्र कोणतेही किरण सोडत नाही. किरण शरीराच्या आतून येतात आणि यंत्र फक्त ते टिपते. कोणता अवयव काम करत आहे, कोणता सुस्त आहे आणि कोणता गरजेपेक्षा जास्त धावपळ करत आहे, हे त्यातून कळते. हे झाले सहरीचे चित्र. या शास्त्राला 'न्यूक्लिअर मेडिसिन' म्हणजे 'अणुवैद्यक' असे म्हणतात. आज आपण त्यातील यंत्राच्या डोळ्याची, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागाची ओळख करून घेणार आहोत. इंग्रजीतून आलेला त्याचा शब्द 'डिटेक्टर' असा आहे. आपण त्याला 'शोधक' म्हणू.

पण आधी एक प्रसंग सांगतो. एकदा मधल्या सुटीत नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या दादीच्या गळ्यावर गाठ आली होती आणि डॉक्टरांनी थायरॉइडचा स्कॅन करायला सांगितले होते. चिठ्ठीवर 'न्यूक्लिअर' हा शब्द होता. कोणीतरी तो वाचून दाखवला आणि घरात घबराट पसरली. दादींनी साफ सांगितले, "बॉम्बवाली तपासणी मला करायची नाही." मुलाने मला विचारले, "सर, न्यूक्लिअर म्हणजे बॉम्बच ना?"

त्या दिवशी मी त्याला जे समजावून सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मागावर सोडलेले अणू

काही अणू अस्थिर असतात. ते आपोआप बदलतात आणि बदलताना किरण बाहेर टाकतात. अशा अणूंना किरणोत्सर्गी अणू म्हणतात. असा अणू जेथे जाईल तेथून किरण सोडत राहतो. म्हणजे तो आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. या गुणाचा उपयोग सजीवांच्या अभ्यासासाठी प्रथम केला तो हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी. १९२३ मध्ये त्यांनी घेवड्यासारख्या शेंगांच्या रोपाला किरणोत्सर्गी शिसे मिसळलेले पाणी दिले. मग ते शिसे मुळांतून खोडात आणि पानांत किती पोहोचले, हे किरण मोजून शोधले. या पद्धतीबद्दल त्यांना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज रुग्णालयांत सर्वांत जास्त वापरला जाणारा असा अणू म्हणजे टेक्नेशियम-९९एम. १९३८ मध्ये एमिलिओ सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांनी तो शोधून काढला. त्याचा एक मोठा गुण आहे. त्याचे अर्धायुष्य फक्त सहा तासांचे आहे. म्हणजे दर सहा तासांनी त्याचे किरण निम्मे होतात. सकाळी जेवढे असतील, त्याच्या सोळावा हिस्साच दुसऱ्या दिवशी सकाळी उरतो. शिवाय काही भाग लघवीवाटे निघून जातो. म्हणूनच अशा तपासणीनंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात.

तुम्ही विचाराल, जो पदार्थ सहा तासांत निम्मा होतो, तो दूरच्या शहरांतील रुग्णालयांपर्यंत पोहोचतो कसा? त्यासाठी त्याचा 'जन्मदाता' पाठवतात. मॉलिब्डेनम-९९ नावाचा अणू बदलून टेक्नेशियम तयार होते. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य सुमारे ६६ तास आहे. ते शिशाच्या जाड आवरणातील एका नळीत भरून पाठवतात. रुग्णालयात रोज सकाळी त्या नळीतून मिठाचे पाणी सोडतात, की तयार झालेले टेक्नेशियम पाण्याबरोबर खाली येते. गंमत अशी, की जगभरातील तंत्रज्ञ या कामाला 'दूध काढणे' म्हणतात. म्हैस एक आणि दूध रोज ताजे!

हे टेक्नेशियम निरनिराळ्या औषधांना जोडतात. हाडाकडे जाणारे औषध वेगळे, हृदयाकडे जाणारे वेगळे. थायरॉइड ग्रंथी तर साध्या टेक्नेशियमलाही आयोडीन समजून आत घेते. अशा रीतीने ज्या अवयवाची खबर हवी, त्याच अवयवात दिवा लावता येतो.

आता प्रश्न उरतो तो हा दिवा पाहण्याचा. कारण हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो गॅमा किरणांचा असतो.

बारीक छिद्रापासून अँगर कॅमेऱ्यापर्यंत

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेले आणि काहिरा येथे राहिलेले एक थोर विद्वान होते. उर्दूत आपण त्यांना इब्नुल हैसम म्हणतो. प्रकाशावरील 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात त्यांनी एक प्रयोग दिला आहे. एका बाजूला निरनिराळ्या जागी अनेक दिवे ठेवले. मध्ये छिद्र आणि पलीकडे अंधारी जागा. तेव्हा पलीकडे जेवढे दिवे तेवढे प्रकाशाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला, की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा झाला. म्हणजे प्रत्येक दिव्याचा प्रकाश सरळ रेषेत, आपल्याच वाटेने येतो.

ही साधी गोष्ट नीट लक्षात ठेवा. आजचे यंत्रही तिच्यावरच उभे आहे.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत बेनेडिक्ट कॅसन यांनी गॅमा किरणांनी चित्र काढणारे एक यंत्र बनवले. त्याचा लहानसा शोधक रुग्णाच्या गळ्यावरून एका ओळीत पुढे सरके, मग दुसऱ्या ओळीत, मग तिसऱ्या. किरण मिळाले तेथे कागदावर खूण उमटे. शेतकरी नांगर चालवतो तसे हे काम होते. त्याला फार वेळ लागे.

मग कॅलिफोर्नियातील बर्कली येथील हॅल अँगर या अभियंत्याने वेगळा विचार केला. शोधक फिरवायचाच कशाला? कॅमेऱ्यासारखे सगळे एकदम का टिपू नये? १९५७-५८ च्या सुमारास त्यांनी आपला कॅमेरा तयार केला. पुढे इब्नुल हैसम यांच्या प्रयोगाप्रमाणे एक बारीक छिद्र, मात्र ते शिशाच्या भिंतीतले. मागे सोडियम आयोडाइडचा सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचा गोल स्फटिक. त्याच्यामागे प्रकाश मोजणाऱ्या सात नळ्या.

सोडियम आयोडाइड हा मिठाचाच भाऊबंद आहे. पावसाळ्यात मिठाला जसे पाणी सुटते, तसा हा स्फटिकही हवेतील ओलावा शोषतो आणि खराब होतो. म्हणून त्याला धातूच्या डबीत हवाबंद ठेवावे लागते. पण त्यात किंचित थॅलियम मिसळले, तर गॅमा किरण पडताच तो क्षणभर चमकतो. हा गुण १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी दाखवून दिला होता.

चमक कोठे झाली, हे सात नळ्यांना कसे कळते? पत्र्याच्या छपराखाली सात मुले अंतराअंतराने बसली आहेत, अशी कल्पना करा. छपरावर एक खडा पडला. ज्याच्या डोक्यावर तो पडला, त्याला आवाज सर्वांत मोठा ऐकू येईल. शेजाऱ्यांना त्याहून कमी, दूरच्यांना आणखी कमी. सातही मुलांची उत्तरे एकत्र केली, तर छपरावर न चढताही खडा कोठे पडला हे सांगता येईल. अँगर यांच्या सात नळ्या हेच करीत. प्रत्येक किरणासाठी एक ठिपका पडद्यावर उमटे. हजारो ठिपके जमले, की चित्र तयार होई. या यंत्राला 'गॅमा कॅमेरा' किंवा 'अँगर कॅमेरा' म्हणतात. आजही बहुतेक रुग्णालयांत याच तत्त्वाचे, पण मोठ्या स्फटिकाचे कॅमेरे आहेत.

चाळणीत अडकलेले किरण

या कॅमेऱ्याची मोठी अडचण कोणती?

साध्या कॅमेऱ्यात भिंग असते. ते पसरलेला प्रकाश गोळा करते. पण या गॅमा किरणांना वळवणारे भिंग रुग्णालयातल्या कॅमेऱ्याला लावता येत नाही. म्हणून पुढे शिशाची एक जाड चाळणी बसवतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी तिला अनेक अरुंद छिद्रे असतात. सरळ येणारा किरण छिद्रातून आत जातो. तिरपा येणारा शिशावर आदळून तेथेच संपतो. याचा अनुभव तुम्हीही घेऊ शकता. वर्तमानपत्राची अरुंद नळी करा आणि तिच्यातून पाहा. समोरचा लहानसा भाग तेवढा दिसतो. बाकी सगळे झाकले जाते.

चाळणीमुळे चित्र मिळते, पण त्याची किंमत मोठी असते. शरीरातून निघालेल्या दहा हजार किरणांपैकी जेमतेम एक-दोन किरण चाळणी पार करून स्फटिकापर्यंत पोहोचतात. बाकीचे सगळे वाया जातात. मित्रांनो, ते किरण रुग्णाच्या शरीरातून निघालेले असतात. त्यांची झळ रुग्णाने सोसलेली असते. चित्रात मात्र त्यांचा काही उपयोग झालेला नसतो.

म्हणून या शास्त्रात एक सरळ हिशेब आहे. डोळा मंद असेल, तर दिवा मोठा लावावा लागतो किंवा फार वेळ टक लावून पाहावे लागते. डोळा तीक्ष्ण झाला, तर लहान दिवाही पुरतो आणि वेळही वाचतो. गेल्या काही दशकांत शोधकांत जे बदल झाले, ते सगळे या एका हिशेबासाठी झाले.

दुभाष्याविना निरोप

जुन्या शोधकात निरोप कसा पोहोचतो ते पाहा. गॅमा किरण स्फटिकात शिरतो. त्याचे हजारो मंद प्रकाशकण होतात. त्यांपैकी काहीच नळीपर्यंत पोहोचतात. नळीत त्यांचे विजेच्या कणांत रूपांतर होते. मग तो निरोप संगणकाला कळतो. म्हणजे मध्ये दोन दुभाषे बसले आहेत. तुम्ही घरात उर्दू बोलता. तुमचे बोलणे आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगितले, तर प्रत्येक वेळी काहीतरी सांडते. शोधकातही तसेच होते.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम या तीन मूलद्रव्यांचा एक अर्धवाहक स्फटिक वापरात आणला. त्याला थोडक्यात 'सीझेडटी' म्हणतात. या स्फटिकावर विजेचा दाब ठेवलेला असतो. गॅमा किरण आत शिरताच तेथेच विजेचे कण मोकळे होतात आणि थेट संगणकाच्या तारेपर्यंत जातात. प्रकाश नाही, नळी नाही आणि दुभाषीही नाही. स्फटिकाच्या पाठीवर सुमारे अडीच मिलिमीटरचे लहान लहान चौकोन आखलेले असतात. ज्या चौकोनात वीज आली, तेथेच किरण पडला.

याचा आणखी एक फायदा आहे. काही किरण शरीरातच कशावर तरी आपटून दिशा बदलतात. ते आपल्या मूळ जागेची खोटी खबर देतात. पण आपटताना त्यांची थोडी ऊर्जा कमी होते. टेक्नेशियमच्या किरणाची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. त्यापेक्षा कमी ऊर्जेचा किरण आला, तर तो वाट चुकलेला आहे असे समजून सोडून देतात. जुन्या शोधकाला ऊर्जा मोजताना सुमारे दहा टक्क्यांचा धूसरपणा असतो. सीझेडटीमध्ये तो जवळजवळ निम्मा झाला. त्यामुळे खरी खबर आणि खोटी खबर वेगळी करणे सोपे झाले.

मग सगळीकडे हाच शोधक का नाही? कारण हा स्फटिक निर्दोष आणि मोठा वाढवणे कठीण असते. त्यामुळे तो महाग पडतो. म्हणून तो प्रथम लहान कॅमेऱ्यांत, विशेषतः हृदयाच्या कॅमेऱ्यांत आला. २०१० च्या आगेमागे असे कॅमेरे रुग्णालयांत पोहोचले. त्यांत अनेक लहान शोधक छातीभोवती बसवून सगळ्यांची नजर फक्त हृदयावर रोखलेली असते. जेथे पूर्वी रुग्णाला सुमारे पंधरा मिनिटे हात डोक्यावर धरून पडून राहावे लागे, तेथे आता पाच मिनिटांच्या आसपास काम होते. वेळ तेवढाच ठेवला, तर औषधाची मात्रा कमी करता येते. खांदा दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, या दहा मिनिटांचे मोल काय असते!

जोडीने निघणारे किरण

आणखी एक युक्ती आहे. तिच्यात शिशाची चाळणीच लागत नाही.

फ्लोरीन-१८ नावाचा अणू बदलताना पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर टाकतो. हा कण इलेक्ट्रॉनचा जणू उलटा भाऊ आहे. शरीरात एखादा मिलिमीटर जातो न जातो, तोच त्याला इलेक्ट्रॉन भेटतो. दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरण निघतात. एक किरण एका दिशेला जातो आणि दुसरा त्याच्या विरुद्ध दिशेला.

रुग्णाभोवती शोधकांचे गोल कडे ठेवलेले असते. कड्याच्या दोन बाजूंना एकाच क्षणी किरण आदळले, की त्या दोन जागांमध्ये मनातल्या मनात एक दोरी ताणायची. दिवा त्या दोरीवरच कोठेतरी असला पाहिजे. अशा लक्षावधी दोऱ्या जेथे एकमेकींना छेदतात, तेथे चित्र उमटते. या तपासणीला 'पेट स्कॅन' म्हणतात. या नावाचा आपल्या पोटाशी काही संबंध नाही. ती इंग्रजी आद्याक्षरे आहेत.

फ्लोरीन-१८ हे साखरेसारख्या एका पदार्थाला जोडतात. मेंदू भरपूर साखर वापरतो. कर्करोगाच्या अनेक गाठीही साखरेसाठी हपापलेल्या असतात. म्हणून त्या चित्रात चमकतात. हे औषध माणसाला पहिल्यांदा देण्यात आले ते १९७६ च्या ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. ते देणारे डॉक्टर होते इराणमधील तबरीझ शहरात जन्मलेले अब्बास अलवी. औषध ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत तयार झाले आणि विमानाने फिलाडेल्फियाला आणले गेले. अर्धायुष्य केवळ ११० मिनिटांचे! वाटेत उशीर झाला असता, तर तेवढे औषध हवेतच कमी झाले असते.

पेटच्या शोधकांतही सुधारणा झाली. १९९० च्या सुमारास चार्ल्स मेल्चर यांनी 'एलएसओ' नावाचा स्फटिक शोधला. तो जड असल्यामुळे जोरदार किरणांनाही अडवतो. शिवाय त्याची चमक सेकंदाच्या सुमारे अडीच कोटी अंशांपैकी एका अंशाच्या आसपास विझून जाते, असे म्हटले तरी चालेल. म्हणजे पहिली चमक विझेपर्यंत दुसऱ्या किरणाला दाराबाहेर थांबावे लागत नाही.

यातून एक नवी गोष्ट शक्य झाली. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. गॅमा किरणही त्याच वेगाने जातात. समजा दिवा दोरीच्या बरोबर मध्यावर आहे. मग दोन्ही किरण एकाच क्षणी पोहोचतील. तो मध्यापासून तीन सेंटिमीटर डावीकडे असेल, तर डावा किरण थोडा आधी पोहोचेल. किती आधी? सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही फक्त पाचवा हिस्सा! आजचे उत्तम शोधक एवढा फरक ओळखू शकतात. त्यामुळे दिवा दोरीच्या कोणत्या तुकड्यावर आहे, हे आधीच कळते आणि चित्र स्वच्छ होते.

जुन्या काचेच्या नळ्यांची जागाही आता सिलिकॉनच्या बारीक चकत्या घेत आहेत. एका चकतीवर हजारो सूक्ष्म घरे असतात आणि प्रत्येक घर एकेक प्रकाशकण मोजते. जुन्या नळ्या चुंबकाजवळ बिघडत. या चकत्या बिघडत नाहीत. म्हणून मोठा चुंबक असलेले एमआरआय यंत्र आणि पेट यंत्र आता एकत्र बसवता येतात. तसेच इ.स. २००० च्या सुमारास पेट आणि सीटी स्कॅन एकाच यंत्रात आले. दुपारचे चित्र आणि सहरीचे चित्र एकमेकांवर ठेवता येऊ लागले. कोणत्या घराच्या कोणत्या खोलीत दिवा जळत आहे, हे त्यामुळे समजू लागले.

संपूर्ण शरीराचा डोळा

पण साध्या पेट यंत्राचे कडे शरीराचा वीस-पंचवीस सेंटिमीटर भागच एका वेळी पाहते. दिवे मात्र डोक्यापासून पायापर्यंत जळत असतात. कड्याबाहेर गेलेले किरण पुन्हा वायाच गेले. मग कडे माणसाएवढे लांब का करू नये? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील सायमन चेरी आणि रॅमसी बदावी यांनी हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. शेवटी 'एक्स्प्लोरर' नावाचे यंत्र तयार झाले. त्याचे कडे १९४ सेंटिमीटर लांब आहे आणि त्यात पाच लाखांहून जास्त लहान स्फटिक आहेत. २०१८ मध्ये त्याने माणसाची पहिली चित्रे घेतली. संपूर्ण शरीराचे चित्र ते एका मिनिटाच्या आतही घेऊ शकते. नाहीतर वेळ नेहमीएवढा ठेवून औषध फार थोडे देता येते. अर्थात असे यंत्र अतिशय महाग असते. ते गावोगाव पोहोचायला वेळ लागेल.

आपल्याला याचे काय?

तुम्ही म्हणाल, "सर, हे सगळे दूरच्या देशांचे झाले." तसे नाही. आपल्या मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये 'रेडिएशन मेडिसिन सेंटर' सुरू झाले. ते तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे. भारतातील पहिले पेट यंत्रही तेथेच २००२ मध्ये सुरू झाले. आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत गॅमा कॅमेरे आहेत.

आणि चांगल्या डोळ्याची गरज का, हे २००९ मध्ये साऱ्या जगाने अनुभवले. मॉलिब्डेनम तयार करणारी कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी त्या वर्षी मे महिन्यात बंद पडली आणि वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. अनेक देशांत टेक्नेशियमची टंचाई झाली. रुग्णांच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. जेथे दिव्याचे तेलच मोजके आहे, तेथे कमी तेलात पाहणारा डोळा किती मोलाचा असतो, हे तेव्हा कळले.

धोका अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. किरणांचा अनावश्यक वापर टाळलाच पाहिजे. जगातील प्रत्येक माणसाला माती, दगड, हवा, अन्न आणि आकाश यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट एवढी किरणांची मात्रा मिळतच असते. थायरॉइडच्या टेक्नेशियम स्कॅनची मात्रा साधारणपणे याच्या आसपास किंवा याहून कमी असते. पेट आणि सीटी एकत्र केले, तर ती यापेक्षा बरीच जास्त होते. म्हणून गरज असेल तेव्हाच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ही तपासणी करतात. स्त्री गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर तिने ते आधीच सांगितले पाहिजे. मात्र नुसत्या नावाला घाबरून आवश्यक तपासणी टाळणे, हा त्याहून मोठा धोका आहे.

त्या मुलाने हे सारे घरी जाऊन दादींना आपल्या भाषेत सांगितले. सहरीच्या खिडक्यांची गोष्ट त्यांना पटली असावी. त्या तपासणीला गेल्या. मान मागे करून वीसेक मिनिटे निजून राहिल्या. चित्रात गाठीच्या जागी लख्ख प्रकाश दिसला. डॉक्टर अशा गाठीला 'गरम गाठ' म्हणतात. ती गरजेपेक्षा जास्त काम करत असते, पण अशी गाठ कर्करोगाची असण्याचा संभव फार कमी असतो. औषध सुरू झाले आणि घरातली काळजी उतरली.

पुढे एकदा दादी शाळेत आल्या होत्या. मला म्हणाल्या, "सर, माझी मान फार अवघडली हो. ते यंत्र जरा लवकर बघायला शिकेल, तर बरं होईल."

मित्रांनो, जगभरातील शास्त्रज्ञ नेमके तेच काम करीत आहेत. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी भौतिकशास्त्र शिकेल, कोणी अभियंता होईल, कोणी डॉक्टर किंवा तंत्रज्ञ होईल. तेव्हा दादींची ही साधी मागणी लक्षात ठेवा.